हळदीची ईस्टर अंडी

थांबा, हे आत्ताच सांगू द्या, न्हाई तर पोट दुखंल माझं! वसमतच्या स्टँडसमोर उकडलेल्या अंड्यांचा गाडा हाय. तिथले काका अंडं सोललं की "बराबर?" असं अंड्यालाच विचारतात, गिऱ्हाइकाला न्हाई. हसत तर कधीच न्हाईत.

परवा दवाखान्यातली केरळची सिस्टर त्यांना बोलली, "काका, कल ईस्टर है, छुट्टी नहीं मिली. घर पे मम्मी अंडे रंगती है."

काल ती आली तर काकांनी तिच्यापुढं डबा उघडला. सगळी अंडी हळदीनं पिवळीधमक! पण सोललेली!

मी गाड्यापाशीच अंडं खात होतो, ओरडलोच, "काका, टरफल रंगवतात वो!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. "न सोलता देत असतेत का गिऱ्हाइकाला?"

सिस्टरनं तिथंच एक अंडं खाल्लं. बोटं पिवळी, डोळ्यांत पाणी. "घर का रंग तो छिलके के साथ फेंक देते हैं, काका. ये वाला खा सकते हैं."

काकांनी दुसरं अंडं तिच्या हातावर ठेवलं आणि पहिल्यांदाच माणसाला विचारलं, "बराबर?"

तुमच्यासाठी कुणी असं चुकून लय भारी काही केलंय का? सांगा ना!