आमच्या गावची वकीलबाई आणि माझी न झालेली सही

आमच्या गावच्या मुलींत काळा कोट घालणारी ती पहिली. गाव कल्याणच्या खाडीकाठी. तिचा बाप मिठागरावर मीठ ओढायचा, माझाही तेच करायचा. पावसाळ्यात दोघांची भातशेती. मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरात आले, नवरा कारखान्यात होता. ती माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मी गावची लेक, म्हणून मला आत्या म्हणते.

वकिली शिकायला ती ठाण्यात यायची आणि दुपारी माझ्याकडे जेवायची. ताटाशेजारी पुस्तक उघडं. पुस्तकावर आमटी सांडली की माझ्याकडे रागाने बघायची, जशी काय मीच सांडली. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, एवढं वाचून तुला कोण काम देणार? आमच्या गावचे लोक बाईकडून औषध घेत नाहीत, कागद कुठून घेतील?" ती म्हणाली, "आत्या, अजून थोडा भात."

मी बोलले ते पहिली काही वर्षं खरंच झालं. ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली एका टेबलाचा अर्धा भाग तिच्याकडे होता. माणसं यायची, तिला बघायची आणि विचारायची, "वकीलसाहेब कधी येणार?" ती म्हणायची, "आलेत. बसा." निम्मे बसायचे नाहीत. आमच्याच गावचा एक म्हातारा तिला बघून शेजारच्या टेबलावर गेला. त्या वकिलाने त्याचा अर्ज हिलाच टाईप करायला दिला. तिने केला, चुका काढून केला. पुढच्या वेळी म्हातारा सरळ तिच्याकडे आला. हे तिने मला सांगितलं नाही, म्हाताऱ्याने सांगितलं.

तिचं नाव झालं ते हक्कसोडीच्या कागदांवरून. आमच्याकडे बाप गेला की सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं लागतात. मग भाऊ गाडी करतो, बहिणींना रजिस्ट्रेशनला नेतो, बहिणी हक्क सोडल्याची सही करतात. येताना हॉटेलात जेवण, घरी आल्यावर एकेक साडी. कागद कोणी वाचत नाही. वाचायला मागितला तर भावावर विश्वास नाही असा अर्थ होतो आणि दिवाळीला बोलावणं येत नाही. माझ्या सासूने अशीच सही केली, माझ्या जावांनी केली.

हिने तिथे स्वतःची पद्धत घातली. कागद करायला आलेल्या सगळ्या पुरुषांना बाहेर बसवायचं. बायकांना आपल्या भाषेत ओळीओळीने कागद वाचून दाखवायचा. मग प्रत्येकीने तो आपल्या तोंडाने परत सांगायचा. काय देतेय, कोणाला देतेय, पुढे काय मागता येणार नाही. सांगता आलं तर सही. नाही आलं तर कागद तिच्याकडेच राहायचा. ती कोणाला सही करू नको म्हणाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावात उलटंच सांगतात. बहुतेकींनी सगळं ऐकून, सांगून, सहीच केली.

मग महापालिकेची निवडणूक आली. आमच्या गावचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला. अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बायको उभी राहते, बॅनरवर नवऱ्याचा हात जोडलेला मोठा फोटो येतो आणि निवडून आल्यावर केबिनमध्ये नवरा बसतो. पक्षाने हिला तिकीट दिलं. हिचं लग्न झालेलं नाही. बॅनरवर मोठा फोटो कोणाचा लावायचा, असा कार्यकर्त्यांना खरोखरच प्रश्न पडला.

माझा मोठा भाऊ तेव्हा गावकीचा प्रमुख. तो सांगेल तिकडे निम्मं गाव मत टाकायचं. त्याने आपल्या सुनेचा अपक्ष अर्ज भरून ठेवला आणि त्याच आठवड्यात आमच्या हक्कसोडीचा कागद करायला हिच्याकडे गेला. जमीन बिल्डरला द्यायची होती, बिल्डरला आम्हा दोघी बहिणींच्या सह्या हव्या होत्या. दुसरा वकील त्याला मिळाला नसता असं नाही. पण पोरगी गावची, तिला मतं आपली हवीत, ती आपल्या घरात कशाला ती पद्धत घालेल, असा त्याचा हिशेब.

मला फोन आला. "बाय, सोमवारी कल्यानला ये. आपल्याच पोरीकडं कागद हाय. सह्या झाल्या का मंगलवारी सुनेचा अर्ज मागं घेतो. सगला गाव तिच्या मागं उभा करतो."

मी येते म्हटलं. खरं सांगायचं तर मी सही करायलाच निघाले होते. माहेर टिकेल, पोरगी निवडून येईल, एका सहीत दोन कामं.

तेव्हा तिचं ऑफिस कल्याणला भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. भाऊ, त्याचा मुलगा, माझी धाकटी बहीण आणि मी. ती उठली, आम्हाला पाणी दिलं आणि भावाला म्हणाली, "काका, तुम्ही दोघं खाली चहा घ्या."

"मी कशाला खाली जाऊ? मी काय परका हाय?"

"दोन्ही आत्यांना कागद वाचून दाखवते."

"त्यांना ठाव हाय त्यात काय लिवलंय."

"मग पाच मिनिटांत होईल."

भावाचा मुलगा हसला. म्हणाला, "ताई, उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस हाय बरं का."

"तीन वाजेपर्यंत," ती म्हणाली. "माहीत आहे मला." आणि दार उघडून धरलं.

ते खाली गेल्यावर मी तिला झापलं. "शहाणी आहेस का तू? एवढी वर्षं घासलीस, आता तोंडाशी आलंय. आण ते पेन इकडे."

"आत्या, आधी ऐका."

"मला नाही ऐकायचं."

"मग माझ्याकडे नाही व्हायची सही."

तिने वाचलं. हळू वाचलं, मध्ये थांबून विचारत. मग धाकटीकडे बघितलं. धाकटी म्हणाली, "आमी जमीन भावाला दिली. खुशीनं."

"कोणती जमीन?"

"ती रस्त्याकडची. बिल्डरची."

"आणि?"

"आणि काय?"

"परत ऐका," ती म्हणाली आणि तेवढा भाग पुन्हा वाचला. रस्त्याकडची होती, राहत्या घराखालची होती, खाडीकडची होती, आणि पुढे बापाच्या नावावर आणखी काही निघालं तर तेही होतं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. नीट परत सांगितलं. मग म्हणाली, "मना माहेर पाहिजे. मी करतंय सही." हिने तिच्यापुढे कागद सरकवला.

मग मी. रस्त्याकडचं शेत सांगितलं. घराखालची जागा सांगितली. खाडीकडच्या शेताशी आले. त्या शेताचा बांध उधाणाला फुटायचा आणि आई आम्हा पोरींना घेऊन त्यात चिखल भरायची. खारं पाणी आत आलं की वर्षाचं पीक जायचं. भाऊ तेव्हा शाळेत जायचा. मी म्हटलं, "खाडीकडचं शेत मी भावाला..." आणि पुढचं तोंडातून निघेना. रडू आलं वगैरे काही नाही. मला एवढंच वाटलं, हे मी कशासाठी देतेय? उत्तर सापडेना. तिने घाई केली नाही.

"मी सही करत नाही," मी म्हटलं.

"विचार करा. उद्याही करता येईल."

"आणि तुझं काय?"

"त्याचं मी बघते, आत्या."

भाऊ वर आला. त्याला माझ्याकडून कळलं, तिच्याकडून नाही. मला सोडून तो तिच्यावर ओरडला. "तुना नगरसेविका व्हायाचा हाय का नाय?"

"व्हायचंय, काका. फार व्हायचंय."

"मंग?"

तिने कागद फाईलमध्ये घातला. फाईलची नाडी दोनदा बांधली. माझ्या भावाला वाटलं ती घाबरली. मला ठाऊक होतं, ती मतं मोजत होती आणि ती कमी पडत होती.

मंगळवारी सुनेचा अर्ज मागे घेतला गेला नाही. मी ऑफिसात जाऊन तिला पुन्हा बोलले. "आमचा कागद दुसऱ्या वकिलाकडे पाठवायचास. तुझे हात मोकळे राहिले असते."

ती म्हणाली, "दुसऱ्याने तुम्हाला वाचून दाखवला नसता. आणि तो दाखवणार नाही हे मला माहीत असताना मी पाठवला असता."

ती पडली. सून निवडून आली आणि माझा भाचा केबिनमध्ये बसायला लागला. अधिकारी त्याला साहेब म्हणायचे. धाकटीची सही एकटीच कागदावर, माझी नाही, म्हणून बिल्डर थांबून राहिला. भावाने मला टाकलं, माहेरचं बोलावणं बंद झालं. भाऊबीजेला मी घरी बसून डाळ-भात खाल्ला, तोही चांगला लागतो.

पडल्यावर माणसं दिसेनाशी होतात. ही महापालिकेच्या सभेला वही घेऊन प्रेक्षकांत बसायला लागली. गटाराचं टेंडर कधी निघालं, पाण्याची लाईन कुठे अडली, सगळं लिहून आणायची. मग गल्लीतल्या बायकांना बसवून त्यांच्याच नावाने अर्ज लिहायची. निवडून आलेल्याने करायची कामं पडलेली बाई करत होती. मला तो मूर्खपणा वाटायचा आणि तसं मी तिला सांगायचे. दोन वर्षांनी गावात पाणी सकाळी यायला लागलं, तेव्हा मी सांगायचं बंद केलं.

तिसऱ्या वर्षी मी तिच्या ऑफिसात बसलेले असताना माझ्या भावाची सून जिना चढून आली. पदराखाली महापालिकेच्या कागदांची चळत. मला बघून दारातच थांबली. मग धीर करून हिला म्हणाली, "ताई, ह्या सगल्यावर सह्या करायला सांगितल्यान. ह्यात काय लिवलंय तेवढा मना सांगा."

हिने तिला खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलून खाली गेले. ती सून किती वेळा आली, कोणत्या कागदावर तिने सही केली नाही, हे मला आजही माहीत नाही. हिने सांगितलं नाही.

पुढच्या निवडणुकीलाही प्रभाग बायकांसाठीच राखीव राहिला, पण सुनेने घरात सांगितलं, मी उभी राहणार नाही. भावाने आकांडतांडव केलं. ती हलली नाही. त्याला दुसरी बाई मिळेपर्यंत अर्जाची मुदत संपली. हिला पक्षाने या वेळी विचारलं नाही, ती अपक्ष उभी राहिली. मी गावातच दिलेल्या धाकटीकडे पंधरा दिवस राहून हिच्याबरोबर घरोघरी फिरले. माझं मत ठाण्यात, त्याचा तिला काही उपयोग नव्हता. तोंडाचा झाला.

ती थोडक्यात निवडून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीखाली हार घेऊन माणसं उभी. ती कोट घालून खाली आली आणि म्हणाली, "मला साडेदहाला तारीख आहे. दुपारी या, सगळ्यांनी या." आणि रिक्षात बसून कोर्टात गेली. लोक हार हातात धरून तसेच राहिले.

त्यांच्यात माझा भाऊ होता. केस सगळे पिकलेले, हातात झेंडूचा हार. एवढ्या वर्षांनी आम्ही एका फुटपाथवर उभे.

"आता तरी करशील काय सही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने हार दुसऱ्या हातात घेतला. "बरं, चल. चहा तरी घे. ती काय दोन वाजल्याबिगर येत नाय."