सुजातानं मागे घेतलेला आलेख

बिबवेवाडीहून सुजाताच्या शेजारणीचा, तांबोळीबाईंचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "वहिनी, ताईंनी दूध आत घेतलं नाही अजून. बेल वाजवतेय, पण दार उघडत नाहीत." मी हातातली घडी पुरी केली, तुमच्या आजोबांना सदरा बदलायला सांगितलं आणि हडपसरहून रिक्षा केली. किल्ली आमच्याकडे होतीच. सुजाता झोपेतच गेली होती, शांतपणे, चष्मा काढून उशाशी ठेवलेला... तिला आवडलं असतं असं जाणं. कोणाला धावपळ नको, दवाखाना नको.

अन्वी आणि कबीर, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही परदेशातून, तुमच्याकडच्या पहाटे उठून, व्हिडिओवर सगळा कार्यक्रम बघितलात आणि नंतर कबीरनं विचारलं, "आजी, आत्याआजीनं नक्की काय केलं?" तेव्हा घरात माणसं होती, उत्तर राहून गेलं. आता सवड आहे.

सुजाता ही तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला, त्यानंतर घरात जन्मलेली पहिली मुलगी, म्हणून नाव सुजाता. मी लग्न होऊन येरवड्याच्या घरी आले तेव्हा ती शाळेत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "वहिनी, तुम्ही इंग्रजीत एम.ए. आहात ना? मग मला भौतिकशास्त्राचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवा. अर्थ माझा मी लावीन." मी वाचायचे, ती अर्थ लावायची. बऱ्याचदा मला एक अक्षर कळायचं नाही, आणि तिला उच्चार सोडून सगळं कळायचं. वस्तीतली मंडळी दारातून डोकावून जायची. "काय चाललंय?" "नणंद-भावजयीचं भांडण," सुजाता मान वर न करता सांगायची, "इंग्रजीतून."

पुढे ती खगोलशास्त्रात गेली, डॉक्टरेट झाली, परदेशात काही वर्षं काढून पुण्यातच एका संस्थेत परत आली. तिचा विषय मला कळला तो आम्ही हडपसरच्या घरी राहायला आलो तेव्हा. सामान हलवताना पातेली आणि झाकणं यांची पार सरमिसळ झाली होती आणि मी वैतागून प्रत्येक झाकण प्रत्येक पातेल्यावर ठेवून बघत होते. सुजातानं मला बाजूला केलं. सगळी पातेली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडली, समोर झाकणांची तशीच ओळ लावली, आणि मोठ्याला मोठं, त्याच्या खालच्याला त्याच्या खालचं, अशा जोड्या जुळवत गेली.

"माझं कामही हेच आहे वहिनी."

"मग त्याला डॉक्टरेट कशाला लागते?"

"माझी पातेली दिसत नाहीत ना. फक्त झाकणं दिसतात."

मग तिनं मला तिथेच, जमिनीवर बसून, सगळं समजावलं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा त्यातलीच एक. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनं ते बांधलेले राहिलेच नसते. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं आणखी काहीतरी आहे. ते दिसत नाही, पण त्याला वजन आहे. ते कृष्णद्रव्य. प्रत्येक दीर्घिका अशा कृष्णद्रव्याच्या भल्यामोठ्या वलयाच्या मध्यभागी असते. दीर्घिका आकाशात मोजता येतात. वलयं संगणकावर विश्व घडवून मोजावी लागतात. मग सर्वांत जड वलयाला सर्वांत उजळ दीर्घिका, अशा जोड्या लावून बघायचं, की किती वजनाच्या वलयात किती तारे जन्माला येतात. "वाटतं तेवढं सरळ नाही," ती म्हणाली. "फार मोठ्या वलयात तारे त्या मानानं कमी बनतात, फार लहान वलयातही कमीच. मधल्यांचंच बरं चालतं."

एकदा एका महिला मंडळात सत्काराच्या वेळी सूत्रसंचालिका म्हणाल्या की स्त्री म्हणजे कुटुंबाचं कृष्णद्रव्यच, न दिसता सगळ्यांना धरून ठेवणारं. टाळ्या पडल्या. सुजातानं माइक घेतला आणि म्हणाली, "कृष्णद्रव्याला स्वयंपाक करावा लागत नाही." आणि खाली बसली.

आता मुख्य गोष्ट. तिचा एक शोधनिबंध खूप गाजला होता. त्यातल्या आलेखात लहान वलयांच्या बाजूला एक उंचवटा होता: तिथल्या दीर्घिका सगळ्यांच्या अंदाजापेक्षा उजळ निघाल्या होत्या. देशोदेशीचे लोक तो आलेख भाषणांत दाखवायचे. विभागप्रमुखाची निवड व्हायची होती आणि तिचं नाव पुढे होतं. तुमच्या आजोबांनी तर वस्तीत सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

एका रविवारी सुजाता आमच्याकडे आली, जेवली, आणि हात पुसत म्हणाली, "दादा, तो उंचवटा खोटा आहे."

विश्व किती वेगानं पसरतंय याचा आकडा तेव्हा नीट पक्का झालेला नव्हता. म्हणून वलयांचं वजन लिहिताना त्या आकड्याची जागा मोकळी सोडायची आणि वापरणाऱ्यानं तो घालून घ्यायचा, अशी त्यांच्यात पद्धत. मोठ्या वलयांना सुजातानं तो घातला होता. लहान वलयांचे आकडे दुसऱ्या गटाकडून आले होते, त्यात घालायचा राहिला. त्यामुळे लहान वलयं होती त्याहून हलकी वाटली आणि त्यांच्यातल्या दीर्घिका उगाचच जास्त उजळ. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती सहज जुनं गणित पुन्हा करून बघत होती, तेव्हा तिलाच सापडलं.

आजोबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "निवड होईपर्यंत थांब."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? दुसऱ्या कोणाची चूक झाली तर ती त्याची एकट्याची असते. तुझी झाली की म्हणतील, बघा, यांना वर चढवलं की असं होतं. बाबांचं नाव, वस्तीचं नाव, सगळं तुझ्यामागे येतं, सुजाता. तुला माहीत नाही का?"

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. "माहीत आहे दादा," ती म्हणाली. "म्हणूनच. आपल्यातल्या माणसाची चूक बघणारच आहेत, तर आपल्यातल्या माणसानं ती स्वतः सुधारलेलीही बघू देत की."

आजोबा ताटावरून उठून गेले. दुरुस्तीचा मजकूर मी बघावा म्हणून तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवण्याच्या सवयीनं दोन-तीन सभ्य, गुळगुळीत वाक्यं सुचवली. तिनं ती खोडली आणि लिहिलं: ही चूक माझी आहे.

निवड दुसऱ्या कोणाची तरी झाली. दुरुस्तीमुळे झाली की नाही, ते कोणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. एका लग्नात तिच्या संस्थेतले एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "काय मॅडम, तुमची वलयं गायब झाली म्हणे?"

"वलयं जागेवरच आहेत," सुजाता म्हणाली. "वजन मी चुकवलं होतं. तुमचं वजन अजून कोणी केलेलं दिसत नाही."

आजोबा माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, त्यांना राग येईल... पण त्यांनी सुजाताच्या ताटलीत आपली जिलेबी ठेवली. त्या विषयावर बहीण-भावाचं पुन्हा कधी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. निवृत्त होईपर्यंत ती त्याच संस्थेत शिकवत राहिली. तिच्याकडे काम करायला विद्यार्थी लांबून यायचे आणि आपली गणितं तिनं तपासावीत म्हणून रांग लावायचे. अशी माणसं सत्काराच्या बातम्यांत दिसत नाहीत. मला मात्र तिचा जो काही अभिमान वाटतो, तो त्या रविवारपासूनचा आहे.

तिचं घर आवरायला आम्ही रोज बिबवेवाडीला जातो. पुस्तकं विद्यार्थी घेऊन जातात. तिच्या टेबलावरच्या भिंतीला दोन फ्रेमा आहेत, शेजारी शेजारी: उंचवट्याचा आलेख आणि त्याच्या उजवीकडे दुरुस्त केलेला. तुमचे आजोबा आता फार चालत नाहीत, पण कोणी आलं की काठी टेकत उठतात आणि त्याला दंडाला धरून भिंतीपाशी नेतात. परवा विजेचा मीटर बघायला एकजण आला होता.

"काका, मीटर कुठाय?"

"दाखवतो. आधी हे बघ. डावीकडचा आलेख चुकलेला आहे. चूक माझ्या बहिणीनं स्वतः शोधून काढली."