तेरच्या बाहुलीची शिवण

रविवारी पहाटे चिंचवडहून गाडी काढली ती घरातलं भांडण मिटवायला. लेक प्रज्ञा म्हणत होती, पुरातत्त्व शिकायचंय. मी म्हणत होतो, डिप्लोमा कर, चाकणला कुठल्याही कंपनीत चिकटवतो. मी स्वतः भोसरीत पॅटर्नमेकर. ओतकामाचे साचे ज्यावरून निघतात ते नमुने घडवतो. खापऱ्या गोळा करून पोट भरतं का, हा माझा सरळ सवाल. शेवटी ठरलं, तिनं मला तेरचं संग्रहालय दाखवायचं, आणि पटलं तरच मी तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही करायची. सोमवारी मुदत संपत होती.

सोलापूर हायवेला हडपसर ओलांडलं की गाडी पळते. टेंभुर्णीला डावीकडे वळा, मग कुर्डुवाडी, बार्शी, तेर. खात-पीत सहा तास धरा. बार्शीच्या अलीकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणली, दोघांचं दोनशेच्या आत भागलं.

तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पार रोमपर्यंत जायचा. संग्रहालयात दिवे, मणी बघत मी नुसता पुढं सरकत होतो. पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी मात्र थबकलो. एकीच्या कानापासून खांद्यापर्यंत बारीक शिवण होती. दोन अर्धे साचे जुळतात तिथं ती उठते, हे मी झोपेतही सांगेन.

"ओतकाम आहे हे," मी ऐटीत म्हणालो. "साचे बांधले आणि वरनं पातळ माती ओतली."

"नाही पप्पा."

"तीस वर्षं हेच करतोय मी. तू मला शिकवणार?"

तिनं शेजारची फुटकी बाहुली दाखवली. "आत बघा. ओतली असती तर गुळगुळीत असती. बोटांचे ठसे आहेत. दोन्ही अर्ध्यांत माती दाबून बसवली, मग जोडली."

मी काचेला नाक लावलं. ठसे होते.

दारातले पहारेकरी काका हसले. "पोरगी बराबर सांगायलीय, भाऊ."

राग यायला हवा होता, पण छातीच फुगली. माझ्या धंद्यातली माझीच चूक, तीही हात न लावता, पोरीनं काचेबाहेरून पकडली होती.

सोमवारी सकाळी शिफ्टला निघण्याआधी सही केली. कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, पोरीचं काय ठरलं?

म्हटलं, "माझ्याच धंद्यात येतीय, फक्त साचे दोन हजार वर्षं जुने. माझ्यापेक्षा कमी चुकते."