पाटीसाठी कट्टा
सुक्या बोंबलांचा वास आला की मला अर्नाळ्याचं ते समाजमंदिर आठवतं आणि तोंड कडू होतं. नव्वदच्या दशकात त्याचा नकाशा मी काढला होता. किनाऱ्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आलेल्या बायका त्या जागेपाशी थांबायच्या आणि पाटी उतरवायला कुणी हात लावेल का, याची वाट बघायच्या. म्हणून मी पुढच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यावर, खांद्याएवढा उंच कट्टा दिला. तेवढ्या उंचीच्या विटा रचल्यावर एका म्हातारीने भरलेली पाटी एकटीने त्यावर टेकवून पाहिली आणि म्हणाली, "बाय, आता कोनाला हाक मारायला नको." मी नकाशात लिहिलं, 'पाटीसाठी कट्टा'. उद्घाटनाला गेले तर कट्टाभर संगमरवरी फलक उभा, त्यावर पुढाऱ्यांची नावं, आणि पुढे लोखंडी जाळी. मी समाजमंदिराच्या समितीच्या अध्यक्षांना जाब विचारला. ते गालात हसले. "मॅडम, पाटीसाठी असं तुमीच लिवलंय ना? मग लावली पाटी. पाव्हने येनार, मासळीचा वास कशाला?" त्यांच्या स्वतःच्या आईने जन्मभर पाटी वाहिली होती, त्यांना कळलं नाही, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. परवा तिकडे गेले होते. फलक रोज पुसतात, अजून चकचकीत आहे. तळाशी वास्तुविशारद म्हणून माझंही नाव आहे. त्याच्यासमोर एक बाई भरली पाटी डोक्यावर घेऊन उभी होती आणि रस्त्याकडे बघून ओरडत होती, "हात लाव गो कोनीतरी!"