बांबूवरचं लाल फडकं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुलीपाशीही नाही, आणि तिला तर वाटतं बाबांचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू – माहीत नाही. ऐका, एवढंच.

मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. बदली होऊन जुन्नरला आलो ती नव्वदीतली मधली वर्षं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी सासरी. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह. साडेपाचला कचेरी सुटली की पुढचा वेळ कुठे घालवायचा – हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला रोज पडायचा. बाजारात उगीच टोमॅटोचे भाव विचारत फिरायचो. घ्यायचे नसायचे.

गावाबाहेर, नाणेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जुनं दगडी घर होतं. घाट चढून आलेल्या मालाची जकात पूर्वी तिथं घेत. दोन खोल्या, जाड भिंती, वर कौलं, आणि दाराशी नाकेदार बसायचा तो घडीव दगड. घर जतन करायच्या वास्तूंच्या यादीत होतं, म्हणजे परवानगीशिवाय खिळा ठोकायची सोय नाही. तिथं देवरामभाऊ राहायचे. दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, माझ्यासारखेच विधुर. एकदा पाहणीला गेलो, चहा झाला, आणि मग जातच राहिलो. सहाला माझी लुना त्यांच्या दारात. मी दगडावर, ते उंबऱ्यावर. रेडिओ लागायचा. दवाखान्यातले तेच ते किस्से व्हायचे, मला चालायचे. माझ्यासाठी त्यांनी एक कप वेगळा ठेवला होता, निळ्या काठाचा. त्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

एके दिवशी भाऊ दारातच उभे, हसत.

“साहेब, पोरगं येतो म्हनलंय! भोसरी सोडतोय. वारूळवाडीला शीतगृहात काम मिळतंय त्याला. सून म्हनती, मागं एक खोली अन् संडास-न्हाणी करा, मंग आमी येतो. नात पन हितंच साळंत जाईल. अर्ज तुमच्याकडंच येनार ना? मंग काय काळजी न्हाई.”

मलाही आनंद झाला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या दगडावर बसल्या बसल्या मनात आलं – मुलगा, सून, नात आली, की सहा वाजता या दारात माझं काय काम? नांदत्या घरात परका माणूस रोज येऊन बसतो का? कुणी ‘येऊ नका’ म्हणणार नव्हतं. पण त्या कपातून उद्या दुसरं कुणी चहा पिणार होतं. हसू येतंय ना? मलाही येतं कधी कधी. त्या वेळी आलं नव्हतं.

अट साधी होती – वाढीव बांधकाम रस्त्यावरून दिसता कामा नये. ते तपासायची आमची पद्धतही साधी. नियोजित उंचीएवढा बांबू घ्यायचा, टोकाला लाल फडकं बांधायचं, जागेवर उभा करायचा आणि रस्त्यावरून पाहायचं. फडकं दिसलं की नामंजूर.

बांबू धरायला एरवी कचेरीतला माणूस नेतो. त्या दिवशी मी एकटाच गेलो.

“द्या हिकडं, मी धरतो की,” भाऊ म्हणाले आणि बांबू घेऊन मागे गेले.

मी रस्त्यावर उभा राहिलो. फडकं दिसलं नाही. वळणापर्यंत चालत गेलो, परत आलो, कुठूनच दिसेना. परवानगी मिळाल्यात जमा होती. आणि मी – मी ओरडलो, “भाऊ, जरा वर धरा!”

“आता?” कौलांमागून आवाज आला.

“अजून वर!”

बांबूचं बूड जमिनीला टेकलेलं असावं लागतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते धुण्याच्या दगडावर चढले असणार, दोन्ही हात डोक्यावर ताणून. कौलांच्या वर लाल फडकं आलं. थरथरत होतं. मी वहीत लिहिलं: ‘प्रस्तावित बांधकाम रस्त्यावरून दिसते.’

अर्ज फेटाळला गेला. उंची कमी करून पुन्हा अर्ज करता येतो, हेही मी त्यांना सांगितलं नाही. मुलाने शीतगृहाच्या कामाचा विचार सोडून दिला आणि भोसरीतच फ्लॅट घेतला. दिवाळीला दोन दिवस यायचा. नातीचं पोस्टकार्ड आलं की भाऊ मला वाचून दाखवायचे, आणि मी ते ऐकायचो. रोज सहाला, सात वर्षं. निवृत्त झालो तरी मी जुन्नर सोडलं नाही.

आता भाऊ नाहीत. घर कुलपात आहे, यादीत आहे, जसंच्या तसं आहे. पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर मी स्वतःशी कधीच कबूल केलंय.

ते जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, रेडिओ बंद. भाऊ उंबऱ्यावर बसून बराच वेळ गुडघे चोळत होते.

“साहेब, एक इचारू? लई दिस मनात हाय. तवा बांबू मीच जास्ती वर धरला व्हय? त्याच्यानंच परवानगी गेली आसंल का वो?”

तोवर मला नोकरीची भीती उरली नव्हती. कुणाचीच नव्हती. आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, “असेल, भाऊ.”

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला धरून उठले, आत गेले, निळ्या काठाचा कप विसळला आणि माझ्यासाठी चहा ठेवला.