शस्त्रागारातली कोठडी

लग्न होऊन मी दुधनीहून सोलापुरात आले तेव्हा सासऱ्यांची मला इतकी धास्ती होती, की त्यांच्या खाकरण्यानंही हातातलं भांडं निसटायचं. मी त्यांना मामा म्हणायचे. ते पोलिसात हवालदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. बोलायचे कमी, बघायचे फार. त्यात आमच्याकडे लहानपणी रडलं की आई पोलिसाचंच नाव घ्यायची, ते मनात बसलेलं.

एकदा सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला कुर्डुवाडीला गेल्या होत्या. नवरा गिरणीत पाळीवर. दुपारी सासरे म्हणाले, "चल. पोलीस लाइनीत जुन्या सामानाचं प्रदर्शन मांडलंय. आमच्या तुकडीचा फोटो लावलाय म्हणं."

नाही म्हणायची माझी काय हिंमत. डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्या मागे चालले.

जुन्या शस्त्रागाराच्या दगडी खोल्यांत सगळं मांडलं होतं. निळ्या अर्ध्या चड्ड्या, पिवळ्या टोप्या, वेताच्या ढाली, गंजलेल्या बंदुका. एका लाकडी खोड्यात कैद्याचे पाय अडकवायचे, असं मामांनी सांगितलं, तेव्हा मी नकळत पाय साडीत ओढून घेतले. बेड्यांपुढे तर मला उभंही राहवेना. फोटो सापडला. त्यात ते तरुण होते, मिश्या काळ्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग पुढे निघाले.

शेवटी एक कोठडी होती. जाड फळ्यांचं दार, वर हातभर झरोका, आत गवताची चटई अन् मडकं. "आत बघ की, भितीस काय?" म्हणून मामा आत शिरले. त्यांच्यामागून मी. तेवढ्यात शाळेच्या मुलांचा लोंढा बाहेरून गेला, कुणाचा तरी धक्का लागला, दार लागलं आणि बाहेरची कडी पडल्याचा आवाज आला.

मी दार ढकललं. हललं नाही.

"मामा, दार लागलं."

झरोक्याच्या उजेडात बघितलं, तर ते भिंतीला टेकून खाली बसले होते. तोंड उघडं, छाती भात्यासारखी चाललेली, कपाळावर घाम. हा माणूस इथं, माझ्यासमोर मेला तर? मी घरी काय सांगू? बाहेर कर्ण्यावर गाणी लागली होती, माझ्या हाका कुणाला ऐकू जाईनात.

"धूर येतोय," ते पुटपुटले.

"धूर न्हाई मामा. धूर कुठंच न्हाई."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. जिनं कधी त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, तिनं आता त्यांच्या हातात हात देऊन बसायचं. दुसऱ्या हातानं मी मडकं उचललं आणि दारावर आपटू लागले. ते फुटलं. मग मुठीनं. तोंडातून मराठी येईना, माहेरची कन्नडच आली. "बागला तगीरी! बागला तगीरी!" दार उघडा, दार उघडा, एवढंच.

किती वेळ गेला, कळलं नाही. कडी निघाली आणि पहाऱ्यावरचा शिपाई आत डोकावला. मामांना ओळखून तो बावरला. "हवालदारसाहेब, तुमी हितं कसं?" त्यानं त्यांना धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं.

झाडाखाली बसल्यावर त्यांचा श्वास जागेवर आला.

"नवा होतो भरतीला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "एका गावात गडबड झाली. लोकांनी मला पोलीस ठाण्याच्या कोठारात कोंडलं अन् छपराला आग लावली. पाटलानं दार फोडलं म्हणून वाचलो." मग म्हणाले, "मराठी येतं की तुला. कानडीत का वरडत हुतीस?"

मी पदरानं हाताला लागलेली मडक्याची माती पुसली.

पुढे कित्येक दिवस न्हाणीघराची कडी लावायचं मला धाडस होत नव्हतं. दार नुसतं लोटून घाईघाईत अंघोळ उरकायची.

कुर्डुवाडीहून परतल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पोलिसाचं सामान बघून भ्याली असशील की गं?"

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "ती कुटं भ्यायची." आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.