होडीतलं गोडं पाणी

भूपाल गेल्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा विजयदुर्गच्या खाडीवरून यशवंतचा फोन आला. यशवंत मासेमारी करतो आणि आमच्या होडीवर लक्ष ठेवतो. आवाज दबका होता. "सर, तुमच्या होडीत कोण आसा काय? आतसून पंप वाजता. घटकाभर थांबता, परत वाजता. कुलूप तर भायर आसा..." मी म्हटलं, कुणी नाही रे, कोण असणार? फोन ठेवला आणि हातातला चहा तसाच गार होत गेला. कारण तो पंप का वाजतोय, हे मला ठाऊक होतं. आणि तो बंद करायचं काम कुणाचं होतं, तेही.

भूपाल माझा शाळेपासूनचा मित्र. उद्यमनगरात त्याचं मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान, हातकणंगले रस्त्याला मळ्यात घर, घरापुढं आजोबांनी खोदलेली विहीर. मी कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला. जन्मभर तो मला मास्तर म्हणाला आणि जन्मभर माझ्या फिजिक्सला हसला. सात वर्षांपूर्वी एके दिवशी दुकानात गेलो तर हा म्हणाला, "मास्तर, होडी घेतली." मला वाटलं, रंकाळ्यात फिरवायची वल्ह्याची असेल. तर ती निघाली शिडाची, एका म्हाताऱ्या खलाशाची जुनी होडी. आत दोन माणसांना जेमतेम आडवं होता येईल एवढी खोली, इवलीशी मोरी आणि बाकाखाली साठ लिटरची पाण्याची टाकी. पेठेतल्या मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. घाटावरचा माणूस, त्यातून जैन, मासळीच्या वासात काय करणार? तो शांतपणे म्हणाला, "वारा काय कोकणातल्यांच्या बापाचा हाय व्हय?"

शीड यशवंतनं शिकवलं. पण भूपालचा जीव गुंतला तो त्या पाण्याच्या टाकीत. पहिल्याच महिन्यात त्यानं आतला सगळा काळपट, शेवाळलेला पाइप उपटून टाकला, पिण्याच्या पाण्याचा नवा घातला, प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा लावल्या, पंपाच्या तोंडाशी काडीकचरा अडवणारी जाळी बसवली. पावसाळ्यानंतर ब्लीचिंगच्या पाण्यानं टाकी धुवायची, मग तिला तीनदा चूळ भरायला लावायची... हा शब्द त्याचाच. नळ उघडला की छोटा पंप आपोआप गुरगुरायचा, नळ बंद केला की गप्प. "सगळे नळ बंद असताना पंप बोलला, तर समजायचं कुठंतरी पाणी गळतंय," तो मला सांगायचा, "आणि टाकी रिकामी झाली की त्यो कोरडा पळतोय आणि जळतोय. म्हणून उतरताना बटण बंद. इसरायचं न्हाय."

टाकीत पाणी मात्र खाडीकाठचं नसायचं. ते मचूळ लागतं म्हणून तो घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून करूळ घाटातून खाली न्यायचा. पाणी गाळून घ्यायचं हे त्याच्या घरचं व्रत. विहिरीवर एकदा गाळायचं, शिवाय टाकीत साठलेलं म्हणून होडीतल्या नळालाही चौपदरी फडकं बांधलेलं असायचं. पहिल्या खेपेला निघताना ते फडकं हातात धरून गडी विचारात पडला. गाळल्यावर फडक्यात जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांना जिवाणी म्हणतात. फडकं धुवून ती जिवाणी ज्या पाण्यातून आली तिथंच परत सोडायची असते. मी म्हटलं, दे खाडीत झटकून. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कुणाच्या तान्ह्या पोराला समुद्रात टाकायला सांगितलं. "खारं पाणी हाय मास्तर. मरतील की!" मग फडकं तांब्यातल्या पाण्यात खळबळून ते पाणी बाटलीत भरलं आणि ती बाटली माझ्या मांडीवर आली. पूर्ण घाटभर प्रत्येक वळणावर, "हलवू नको रं, आत प्रवासी हाईत." घरी पोचल्यावर त्यानं बाटली बादलीत ओतली, बादली दोरानं विहिरीत थेट पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडली आणि हळूच कलंडवली. वरून ओतलं तर त्यांना मार लागतो म्हणे. मी खूप हसलो. त्यानंतर सात वर्षं ती बाटली माझ्याच मांडीवर राहिली. हळूहळू मी वळणावर आपण होऊन दोन्ही हात लावायला लागलो, हे त्याच्या लक्षात आलं असणार.

निघायची आमची रीतही ठरलेली. दिवस मावळायच्या आत त्याचं जेवण उरकलेलं असायचं. तो शिडाला कव्हर घालायचा, मी आतलं आवरायचो. शेवटी मी बाहेर आलो की तो कुलूप हातात धरून विचारायचा, "बटण?" मी म्हणायचो, "बंद." मगच कुलूप.

शेवटच्या खेपेला मी आतून बाहेर आलो तेव्हा तो काठाच्या पायरीवर बसला होता. कव्हर अर्धंच घातलेलं. डावा खांदा चोळत होता. मी विचारलं, "काय रे, बरं हाय न्हवं?" तो खाडीकडे बघतच म्हणाला, "बरं हाय." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बटण?" माझ्या दोन्ही हातांत ती बाटली होती. बटण आत, टाकीच्या बाकाजवळ. परत वाकून आत जायचा कंटाळा आला, आणि घाट उजेडात चढायचा होता. मी म्हणालो, "बंद." आम्ही दोघांनीही बघून उत्तर दिलं नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, सुनंदा वहिनींचा फोन आला. विहिरीच्या कठड्यावर बसल्या बसल्याच गेला होता.

यशवंतच्या फोनबद्दल मी वहिनींना सांगितलं. बटणाचंही सांगितलं, लपवून ठेवणं जमेना. त्या म्हणाल्या, "भाऊजी, होडी काय, पुढं विकूया. पण टाकीत ह्यांनी भरल्यालं पाणी हाय. ते खाडीत सोडू नगासा. घरी आणा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कुलूप उघडून आत उतरलो. आत त्याच्या ग्रीसचा आणि दमट फडक्यांचा वास तसाच होता. त्याचा चष्मा खिडकीपाशी, स्क्रू-ड्रायव्हर जाळीच्या डबीवर. मी बाकावर बसलो. काही वेळ नुसतं पाणी बाहेरून थपथपत होतं. आणि मग, माझ्या पायाशी, पंप बोलला. दोन सेकंद. मी फिजिक्स शिकवलेला माणूस. दाब उतरला की पंप चालू होतो, वर सोलरची प्लेट बॅटरी भरत असते, हे सगळं मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून गेलं, "भूपाल?" लाज वाटली. पुन्हा शांतता. पुन्हा दोन सेकंद. महिनाभर तो इथं असाच एकटा विचारत होता.

बटण लगेच बंद केलं नाही, हे कबूल करतो. आधी गळती शोधली. फडकं बांधलेल्या नळाच्या खाली, मागच्या बाजूला, एक क्लिप सैल झाली होती. टोकाला एक थेंब तयार होत होता. त्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं ती आवळली, बोट लावून बघितलं, कोरडं. बराच वेळ बसून राहिलो. पंप बोलला नाही. तेव्हा रडू आलं, कारण आता तिथं खरोखरच कुणी नव्हतं.

टाकीत एक कॅन आणि वर तांब्याभर, एवढंच पाणी उरलं होतं. ते नळातून काढून घेतलं, कॅन डिकीत ठेवला. फडकं त्या तांब्यात खळबळून बाटली भरली. मांडी स्टिअरिंगखाली अडकलेली, म्हणून ती शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधली. करूळ घाट इतका हळू चढलो की मागचे ट्रकवाले शिव्या घालत पुढं गेले.

वहिनी विहिरीपाशी उभ्या होत्या. बादलीत आधी बाटली ओतली, मग कॅन. दोर सोडायला मी पुढं झालो. बादली पाण्याला टेकली, हळूच कलंडली, काही आवाजही झाला नाही. तो बसायचा त्या कठड्यावर हात टेकून मी खाली बघत होतो. होडीवरून निघताना मी कुलूप लावलं होतं, पण त्याआधी दोनदा परत आत जाऊन, वाकून, बटणावर बोट ठेवून आलो होतो.

"बंद," मी विहिरीत म्हणालो. वहिनींनी रिकामी बादली वर ओढून घेतली.